दुपारी बंद, संध्याकाळी चालू: बोर्डाच्या उष्णता-चाचणीआधीच्या तयारीची पार्श्वभूमी

गेल्या उन्हाळ्यात मिरज तालुक्यातल्या एका मळ्यावरून ऑटो स्टार्टरचा, म्हणजे वीज आली की पंपाची मोटर आपोआप चालू करणाऱ्या पेटीचा, सर्किट बोर्ड आमच्याकडे सांगलीजवळच्या कुपवाडला आला. तक्रार एकच: भर दुपारी मोटर उचलत नाही, ऊन उतरलं की आपोआप चालू होते. टेबलावर जोडला तर बोर्ड ठणठणीत. भिंगाखाली धरल्यावर रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पायाभोवतीच्या सोल्डरला, म्हणजे पाय बोर्डाला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूला, केसाएवढी गोल चीर दिसली. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. पत्र्याची पेटी उन्हात तापली की चीर उघडायची, गार झाली की मिटायची.

ही चीर पकडायला बोर्ड चेंबरमध्ये, म्हणजे तापमान हवं तसं बदलणाऱ्या बंद कपाटात, घालून आळीपाळीने तापवतात आणि गार करतात. खरं काम मात्र त्याआधीच्या तयारीत आहे, आणि त्या तयारीमागे मोठा इतिहास आहे.

पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापील सर्किटचा रेडिओ बनवला. १९४९ मध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या डँको आणि अब्रॅमसन यांनी तांब्याच्या नक्षीत पार्टचे पाय घालून सगळे जोड एकदम वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवण्याची पद्धत काढली. काम झपाट्याने होऊ लागलं, पण वेगवेगळ्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांना कायमचे जखडले गेले. एक मीटर तांबं एक अंशाने तापलं की साधारण १७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. आज सर्रास वापरतात तो काचतंतू-इपॉक्सीचा बोर्ड आडवा जवळपास तेवढाच वाढतो, पण जाडीच्या दिशेने त्याच हिशेबाने ५० ते ७० मायक्रॉन. ही ओढाताण पार्टचे पाय ज्यात जातात त्या भोकातल्या तांब्याच्या नळीला आणि जोडांना सोसावी लागते. जुनं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, त्यामुळे पेटीतल्या साठ-सत्तर अंशांतही ते ताणाखाली हळूहळू सरकतं. म्हणून चेंबरमध्ये वरच्या तापमानाला काही मिनिटं थांबावं लागतं. घाईने वर-खाली केलं तर ते सरकणं पुरतं घडत नाही आणि निकाल फसवा येतो.

तापवून-गारवून धातू का थकतो, याचं गणित कॉफिन आणि मॅन्सन यांनी १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलं. त्याच काळात अमेरिकी संरक्षण खात्याने लष्करी इलेक्ट्रॉनिक्स वारंवार बंद का पडतं हे शोधायला समिती नेमली. १९५७ च्या तिच्या अहवालानंतर उपकरण गरम-थंड करत, चालू-बंद करत तपासण्याची शिस्त रुजली.

आता तयारीकडे येतो. सगळ्यात महत्त्वाच्या त्या तारा. संशयित जोड एका साखळीत ओवून त्यांच्या तारा चेंबरबाहेर काढायच्या आणि चाचणी चालू असतानाच रोध सतत मोजायचा. बाहेर काढून गार बोर्ड मोजला तर चीर मिटलेली असते, आमच्या मळ्यावरच्या बोर्डासारखी. दुसरं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारेची जोडी. सुरुवातीला मी ते साध्या टेपने लावायचो. टेप उष्णतेने सुटायची, टोक हवेत लोंबायचं आणि आम्ही बोर्डाचं म्हणून हवेचं तापमान लिहायचो. ही चूक कळायला मला दोन चाचण्या वाया घालवाव्या लागल्या. आता टोक उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने थेट जोडाजवळ चिकटवतो.

मग ओल. इपॉक्सीचा बोर्ड हवेतलं पाणी पितो आणि एकदम तापवला तर आतल्या वाफेने थर सुटतात. पावसाळ्यातले बोर्ड आम्ही आधी १०५ ते १२५ अंशांत काही तास भाजतो. हळद पुरती वाळल्याशिवाय पोत्यात न भरणाऱ्या सांगलीकराला यामागचं कारण सांगावं लागत नाही. फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावलेल्या रसायनाचा, उरलेला थर पूर्वी ओझोनला घातक अशा सीएफसी द्रावणाने धूत असत. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर ते मागे पडलं. आम्ही आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रश वापरतो.

मोठा बदल झाला १ जुलै २००६ ला. युरोपात बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात शिशावर बंदी आली. भारतात ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांतही शिशावर मर्यादा घातली गेली. नवं कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतं. ते जास्त कडक आहे, थकतं वेगळ्या रीतीने, त्यामुळे जुने अंदाज जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आणि आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे: कारखान्यातून बिनशिशाचा आलेला बोर्ड गावातल्या दुकानात शिशाच्या तारेने दुरुस्त होतो. एकाच बोर्डावर दोन प्रकारचे जोड, आणि शेजारी शेजारी असूनही दोघांचं आयुष्य निराळं. दुकानदाराचा यात दोष नाही. त्याच्या हाती तीच तार येते. म्हणून भाजण्याआधीच मी बोर्डाचा फोटो काढतो, हात लागलेला प्रत्येक जोड त्यावर लाल पेनने गोल करतो आणि त्यांची साखळी वेगळी ओवतो.