मंद्र धैवत का घुमतो?

घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांची खरेदी पुण्यात बहुधा एकाच क्रमाने होते. आधी कंडेन्सर माइक, मग इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी), मग मॉनिटर स्पीकर, आणि शेवटी पैसे उरलेच तर खोलीचं बघू. माझ्या मते हा क्रम अगदी उलटा हवा. स्वस्त आणि महाग माइकमधला फरक कानाला कळायचा तर आधी खोली गप्प बसली पाहिजे, आणि कोथरूडपासून वाघोलीपर्यंतच्या फ्लॅटमधली मुलांची बेडरूम गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. दहा बाय दहाची खोली, साडेनऊ फुटांवर छत, खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. ध्वनिशास्त्राला विचारलं तर याहून वाईट आकार मुद्दाम शोधावा लागेल.

का, ते आकड्यांत बघू. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एका भिंतीकडून निघालेली लाट समोर आपटून परत यायची तर ६.१ मीटर अंतर कापते. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ५७ फेऱ्या होतात. रिकाम्या फ्लॅटचा ताबा घेताना टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा जो धातूसारखा आवाज येतो, तो याच फेऱ्यांचा. पण टाळीऐवजी त्या खोलीत कुणी ५७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनांचा, सूर लावला, तर परतलेली प्रत्येक लाट नव्या लाटेशी नेमकी जुळते, आणि खोली त्या सुराला आपल्या पदरचा जोर देते. यालाच अनुनाद म्हणतात. ५७ च्या पटीतल्या सुरांनाही तोच मान मिळतो: ११३, १७० आणि पुढचे.

लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असती, तर हे अनुनाद तीन ठिकाणी विखुरले असते आणि कुणाचीच दादागिरी चालली नसती. आपल्या खोलीत लांबी-रुंदी सारखी, आणि छतही जवळपास तेवढंच. त्याचे आकडे येतात ६० आणि ११९. म्हणजे तिघंही एकाच जागी गर्दी करतात.

आता काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, मंद्र षड्ज ६९. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला कोमल धैवत येतो १११ वर आणि शुद्ध धैवत ११५-११६ वर. खोलीचा ११३ बरोबर या दोघांच्या मध्ये बसलेला आहे. दरबारी रागाची आलापी रेकॉर्ड करून बघा. मंद्रातला आंदोलित कोमल धैवत हा त्या रागाचा प्राण. बेसच्या भागात खोलीचं एकेक शिखर जेमतेम दोन-तीन हर्ट्झ रुंद असतं. आंदोलनात सूर त्याच्या जवळ जातो तेव्हा फुगतो, लांब जातो तेव्हा बसतो. गायकाने स्वर हलवला, खोलीने त्यावर आवाजाचं स्वतःचं आंदोलन चढवलं. ऐकणाऱ्याला वाटतं, गायकाचा दमसास कमी पडतोय.

यावर ईक्यूमध्ये (हव्या त्या सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीत) ११३ खाली ओढणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. त्याने धैवताची पातळी उतरते, पण त्याची शेपूट तशीच राहते. पंचम संपतो तिथे थांबतो, धैवत मात्र पुढच्या स्वरावर रेंगाळतो. पातळी दुरुस्त करणं सोपं, वेळ दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य.

तापमानाची एक गंमत इथेच सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ध्वनीचा वेग वेगळा असेल असं काहींना वाटतं. तसं नाही. उंचीमुळे हवेचा दाब बदलतो, पण ध्वनीचा वेग दाबावर नाही, तापमानावर ठरतो. मेमधल्या दुपारी बंद खोलीत ३६ अंश झाले की वेग ३५३ मीटर होतो आणि आपला ११३ सरकून ११६ वर जातो, थेट शुद्ध धैवतावर. डिसेंबरच्या पहाटे १८ अंशांना तोच ११२ वर, कोमल धैवताच्या शेजारी येतो. एकच खोली ऋतू बघून धैवत बदलते.

फुकटातला उपाय म्हणजे जागा बदलणं. सतरंजी आपण सवयीने खोलीच्या मधोमध अंथरतो. नेमक्या मध्यावर ५७ ची लाट जवळपास नाहीशी होते आणि ११३ ची लाट सर्वांत जोरात असते. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, ११३ चा दाब सर्वांत कमी असतो. गायक आणि माइक लगतच्या दोन्ही भिंतींपासून अडीच-तीन फुटांवर आणले की धैवत लक्षात येण्याइतका शहाण्यासारखा वागू लागतो. उंचीच्या बाबतीत तर मांडी घालून बसण्याची आपली रीतच कामी येते. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतं, म्हणजे साडेनऊ फुटांच्या पावपट उंचीच्या जवळ.

हे झालं खालच्या सुरांचं. वरच्या सुरांना भिंती वेगळा त्रास देतात: निनाद. आवाज थांबल्यावर तो किती वेळ घुमत राहतो याचं गणित वॉलेस सॅबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने बसवलं. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना, तेव्हा काम त्याच्या गळ्यात पडलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, स्टॉपवॉच धरायचं आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर ठेवायच्या. गाद्यांशिवाय तिथे निनाद साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर तो प्रयोगाला दरवेळी तेच कपडे घालू लागला. यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर उभा आहे.

आपल्या खोलीला हे सूत्र लावू. घनफळ २७ घनमीटर. प्लास्टर आणि टाइल पडणाऱ्या आवाजातला दोन-तीन टक्केच शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीचा निनाद हिशेबाने तीन-चार सेकंद येतो. गाण्याच्या रेकॉर्डिंगला ०.३ सेकंद हवा. त्यासाठी साडेचौदा चौरस मीटर पूर्ण शोषण, म्हणजे पडलेला सगळा आवाज गिळणारा तेवढा पृष्ठभाग, लागेल. पलंगावरची गादी, जाड पडदे, कपड्यांचं उघडं कपाट आणि स्वतः गायक मिळून त्यातलं तिसरा हिस्साभर भरून निघतं. उरलेल्यासाठी आवाज शोषणारी, चार बाय दोन फुटांची दहा-बारा पॅनेल.

पॅनेल कशाचं, हा मात्र पैशाइतकाच समजुतीचा प्रश्न आहे. ऑनलाइन मिळणारा इंचभर जाडीचा पिरॅमिड फोम भिंतभर चिकटवलेल्या खोल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या सगळ्या ऐकायला सारख्याच: वरचं कोंदट, खालचं घुमणारं. कारण साधं आहे. भिंतीला लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत. ते सर्वांत जोरात हलतात भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, आणि तंतूंना घासून ध्वनीची उष्णता होते तीही तिथेच. इंचभर फोमच्या दृष्टीने पाव तरंगलांबी म्हणजे ३,४०० हर्ट्झच्या आसपासचे सूर. तो 'स' आणि 'श' खाऊन टाकतो, पण धैवताची पाव तरंगलांबी अडीच फूट, त्याला तो शिवतही नाही. अंड्याच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. पातळ पुठ्ठा, शोषण नावापुरतं, आणि ठिणगी पडली की भडका. फोम घेतलाच, तर तो आग धरतो का हे आधी विचारा.

त्यापेक्षा ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचे थर, बरं. दोन-दोन इंचांचे दोन थर, मागे भिंतीपासून चार इंच पोकळी. ही पोकळी फुकट मिळणारी जाडी आहे, ती सोडायला कंजुषी करू नये. चौकट कुणीही सुतार टिंबर मार्केटमधल्या साध्या पट्ट्यांची करून देतो. वर कापड असं हवं की तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा आरपार जाईल. मांजरपाट उत्तम, रेक्झिन बाद. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला, ते तंतू अंगाला खाजतात आणि घशात जातात. कोपऱ्यांसाठी याहून स्वस्त युक्ती आहे: कापसाच्या जुन्या गाद्या घट्ट गुंडाळून जमिनीपासून छतापर्यंत उभ्या करायच्या. खोलीच्या सगळ्याच लाटा कोपऱ्यात जमतात आणि तिथे फूट-दीड फूट जाडीला जागाही मिळते.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत गाणं चांगलं लागायचं असं जाणते सांगतात, त्यात नुसती आठवणींची साखर नाही. छताची लाकडी तक्तपोशी थोडी थरथरून बेस शोषते, दिवाणखाना चौकोनी डब्यासारखा क्वचितच असायचा, आणि गाद्या-लोड अंथरलेले असायचे.

आता एक गैरसमज. पॅनेल लावून शेजारच्यांचा आवाज थांबत नाही. शोषण वेगळं, अडवणूक वेगळी. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम सहा डेसिबलचा फरक पडतो. उलट खिडकीच्या क्षेत्रफळात एक टक्का फट राहिली तर काच कितीही जाड असो, तिथून २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडतच नाही. आपल्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांना, जाळीच्या रुळासकट, एवढी फट सहज असते. रबरी पट्टी आणि सिलिकॉन सीलंट हा म्हणून सर्वांत वसूल होणारा खर्च. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की मात्र या कशाचाच उपयोग नाही. ढोलाचा बेस भिंतीतूनच येतो. त्या आठवड्यांत पहाटे पाचला उठून रेकॉर्डिंग करावं, नाहीतर मिक्सिंगची कामं काढावीत.

यंत्रांबद्दल थोडक्यात. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे नमुने सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त घेतले की काहीच निसटत नाही. म्हणून ४८ किलोहर्ट्झ पुरे. नमुन्याची बारकाई २४ बिट ठेवा, म्हणजे पातळी खाली ठेवूनही आवाजाखाली खरखर येत नाही. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, २५६ नमुन्यांचा असेल तर आत येताना ५.३ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना तेवढेच जातात. गायकाला स्वतःचा आवाज साडेतीन-पावणेचार मीटरवरून आल्यासारखा ऐकू येतो. बहुतेकांना चालतं, तबलजी तक्रार करतात आणि त्यांचं बरोबर असतं. १२८ करून बघा. छताचा पंखा बंदच हवा. वारा, त्याची घरघर आणि रेग्युलेटरची भुणभुण तिन्ही माइकमध्ये येतात. एप्रिलमध्ये घाम निघेल, त्याला इलाज नाही.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळे ठोकू नका. पॅनेलला पाय लावून ती उभी करा. त्याने डिपॉझिट वाचतं, मागची चार इंचांची पोकळी आपोआप मिळते आणि माइकची जागा बदलली की पॅनेलही सरकवता येतात. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओल धरते. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला एकदा त्या बाजूची पॅनेल ओढून मागे हात फिरवा. कोपऱ्यातल्या गाद्यांचा कापूस दमट लागला तर ऊन पडेल त्या दिवशी गाद्या गच्चीवर टाका. रॉकवूल स्वतः पाणी धरत नाही, पण मांजरपाटावर बुरशी येते. खोळ काढून धुता येईल अशी शिवून घ्या.