फ्लोटची पातळी : जुन्या मोटारींच्या कार्बोरेटरची पार्श्वभूमी

कार्ल बेन्झच्या 1886 च्या तीनचाकी मोटारीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ज्वलनासाठी वाफ मिळवली जात असे. पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जाई, जड अंश मागे उरे आणि मिश्रण चालता चालता बदलत राही. 1893 मध्ये विल्हेल्म माइबाखने डाइम्लरच्या इंजिनासाठी बारीक छिद्राच्या जेटमधून पेट्रोल फवारून हवेत मिसळणारा कार्बोरेटर केला, आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बान्की व यानोश चोन्का यांनीही फवाऱ्याच्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. जेट आले तसा पातळीचा प्रश्नही आला. पेट्रोल जेटच्या तोंडापेक्षा थोडेसेच खाली उभे राहिले पाहिजे. वर गेले तर इंजिन बंद असतानाही ते सांडते आणि फार खाली गेले तर इंजिनाच्या ओढीने पुरेसे वर चढत नाही. म्हणून छपरावरच्या टाकीत तरंगणारा गोळा पाण्याची तोटी बंद करतो, तसा पेट्रोलच्या वाटेवरची सुई दाबून ती वाट बंद करणारा फ्लोट, म्हणजे तरंगता डबा, जेटशेजारच्या पेट्रोलच्या कप्प्यात (फ्लोट चेंबरमध्ये) बसवण्यात आला.

ही पातळी गाडीच्या मालकाने फिरवून पाहण्यासाठी ठेवलेली नव्हती. हवेचा स्क्रू आणि स्लो स्पीडचा स्क्रू हाताशी असत. पातळी मात्र बहुतेक कार्बोरेटरांत कारखान्यातच ठरलेली असे. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये सुईच्या बैठकीखालच्या वायसरची जाडी ती ठरवते, म्हणजे वायसर जाड घातला की सुई लवकर बंद होते आणि पातळी उतरते. एसयू या दुसऱ्या बनावटीच्या जुन्या प्रकारात झाकणातील दुबेळक्याच्या आकाराच्या दांडीखाली 3/8 किंवा 7/16 इंचांची सळई धरून ती दांडी वाकवावी लागते. पातळी जुळवण्याची वेळ आली ती पुढे, दुरुस्त्यांमुळे. पितळी फ्लोटला भेग पडून आत पेट्रोल शिरले की मिस्तरी तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो आणि भेग झाळतो. परंतु झाळीच्या वजनाने फ्लोट किंचित खोल बुडतो आणि पातळी वर सरकते. सोनगीरसारख्या तांब्या-पितळेच्या गावाजवळ चांगली झाळ मिळणे अवघड नाही, पण फ्लोटसाठी ती चांगली असण्याइतकीच थोडी असणे महत्त्वाचे.

दोष पातळीचा आहे की नाही, या निदानात खानदेशात उन्हाळा आणखी गोंधळ घालतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि पेट्रोलचा हलका अंश त्याहून कमी तापमानालाच उकळू लागतो. धुळ्याजवळचा लळिंगचा चढ चढून गाडी उभी केली, की तापलेल्या इंजिनाच्या धगीने फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून जेटमधून सांडते आणि गाडी पुन्हा सुरू होता होत नाही. हा दोष पातळीचा नव्हे, उष्णतेचा आहे; तरीही पातळी उतरवली जाते आणि मग थंड सकाळी हीच गाडी वेग घेताना अडखळते. घाटातही असेच होते. चेंबर जेटच्या पुढे असेल तर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना नाक वर झाल्याने जेटपाशी पातळी चढते, आणि मागे असेल तर उतरते. (फोर्डच्या मॉडेल टी मध्ये तर टाकी आसनाखाली होती आणि पंप नव्हता, त्यामुळे पेट्रोल कमी असताना तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढावे लागत.)

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या फ्लोटांपुढे वेगळीच अडचण उभी केली आहे. आरंभीच्या अनेक कार्बोरेटरांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असून त्यावर लाखेचा लेप दिलेला असे. लाख पेट्रोलमध्ये टिकते, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. लेप गेला की बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि सुई वेळेवर बंद होत नाही. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आल्यावर हे अधिक जाणवते. शिवाय इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात हवा गरजेपेक्षा जास्त होते. ते दाट करण्यासाठी पातळी चढवणे मला चुकीचे वाटते, कारण ते काम मोठ्या जेटचे आहे. वायसरला हात लावण्यापूर्वी फ्लोट काढून तराजूत घालावा आणि तो बुचाचा असेल तर त्याचा लेप नखाने खरवडून पाहावा.