मस्टर मोठ्यानं वाचलं तेव्हापासून

२ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई भरली. मजदूर किसान शक्ती संघटनेनं सरकारी कामांची कागदपत्रं मिळवली होती. ती अशा सुनावण्यांमध्ये गावासमोर मोठ्यानं वाचली जायची. मस्टरवर कुणाचं नाव, किती दिवस काम, किती मजुरी. नाव पुकारलं की माणूस उठायचा आणि सांगायचा की त्या कामावर मी गेलोच नव्हतो. काही नावं तर मेलेल्या माणसांची निघाली.

सरकारी माहिती लोकांपर्यंत पोचवणारी संकेतस्थळं आणि ॲप स्वयंसेवक फावल्या वेळात तयार करतात, त्याला हल्ली ‘सिव्हिक टेक’ म्हणतात. त्याचा इतिहास बहुतेक वेळा परदेशातून सांगितला जातो. आपल्याकडची सुरुवात मला मात्र कोटकिरान्यात दिसते. तिथं संगणक नव्हता, पण काम तेच होतं: दप्तरातला कागद बाहेर काढायचा आणि तो ज्याच्याबद्दल आहे त्याला कळेल असा करायचा.

पुढं १९९६ मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी ४० दिवसांचं धरणं झालं, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा गाजली. महाराष्ट्रात अण्णा हजारेंनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं तेव्हा कुठं राज्याच्या माहिती अधिकार कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि तो २३ सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. त्याच्या कलम २ मध्ये माहिती फ्लॉपीवर किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक रूपात मागण्याचा हक्कही आहे. तरी १० रुपयांच्या अर्जाला उत्तर म्हणून बहुधा येतो तो झेरॉक्सचा गठ्ठा, पानामागं २ रुपये. कागद हातात येणं वेगळं आणि कागद कळणं वेगळं. स्वयंसेवकांचं सगळं काम या दोहोंमधल्या अंतरात उभं राहिलं आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे उमेदवारांची शपथपत्रं. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे एडीआर, ही संस्था काढून, उमेदवारांची माहिती मतदारांना मिळावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यावर सर्व पक्षांनी मिळून पळवाट काढणारा कायदा केला, तोही न्यायालयानं मार्च २००३ मध्ये रद्द केला. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण हे शपथेवर लिहून देणं तेव्हापासून उमेदवाराला बंधनकारक झालं.

पण एखादं जुनं शपथपत्र उघडून बघा. स्टॅम्प पेपरवर हातानं लिहिलेलं, तिरकं स्कॅन केलेलं. जमीन कुठं हेक्टर-आरमध्ये, कुठं एकर-गुंठ्यात. सोनं कधी तोळ्यात, कधी ग्रॅममध्ये. रकमेतला स्वल्पविराम आहे की शाईचा डाग, हे डोळे बारीक करून ठरवायचं, कारण एका शून्यानं लाखाचे दहा लाख होतात. कित्येकांनी रकाने सरळ कोरे सोडलेले असायचे. कोरा रकाना चालणार नाही हे न्यायालयाला सप्टेंबर २०१३ मध्ये वेगळं सांगावं लागलं. एडीआरचे कार्यकर्ते आणि राज्याराज्यांतले निवडणुकांवर नजर ठेवणारे इलेक्शन वॉच गट ही पानं वाचून आकडे तक्त्यात भरत गेले, त्यातून ‘मायनेता’ हे संकेतस्थळ उभं राहिलं. मतदानाआधी आपल्या उमेदवारावरचे खटले मोबाईलवर दोन मिनिटांत बघता येतात. त्यामागं कुणीतरी रात्र जागवलेली असते, हे आपण विसरू नये.

२०११ च्या सुमारास बंगळुरूत डेटामीट हा खुल्या माहितीसाठी काम करणारा गट जमला. मतदारसंघांच्या हद्दींचे नकाशे संगणकाला वाचता येतील अशा रूपात मिळेनात, म्हणून या मंडळींनी ते स्वतः तयार करून सगळ्यांना मोफत दिले.

मार्च २०२० मध्ये कोविड पसरू लागला आणि या सवयीची खरी कसोटी लागली. केंद्र सरकार राज्यवार आकडे देत होतं, लोकांना आपला जिल्हा हवा होता. राज्यांची पत्रकं कुठं पीडीएफ, कुठं चित्र, कुठं नुसतं ट्विट. टेलिग्रामवर जमलेल्या स्वयंसेवकांनी नोकरी-शिक्षण सांभाळून ती रोज वाचली, ताडली आणि ‘कोविड१९इंडिया’वर मांडली. १६ जून २०२० ला महाराष्ट्रानं आधी मोजायचे राहिलेले १३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. असा आकडा त्या एका दिवसाचा म्हणून मांडला तर घबराट, वगळला तर खोटेपणा. असले निर्णय पगार न घेणारी ही माणसं घेत होती. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी आधी सांगून काम थांबवलं आणि साठवलेली माहिती सर्वांना खुली ठेवली.

निवडणूक रोख्यांचं, म्हणजे राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी द्यायच्या रोख्यांचं, प्रकरण अलीकडचं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १४ मार्च २०२४ ला दोन पीडीएफ याद्या आल्या: रोखे कुणी घेतले आणि कुठल्या पक्षानं वटवले. दोन्ही जोडणारा क्रमांक त्यांत नव्हता. ही जोडणी करायला स्टेट बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. न्यायालयानं पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला क्रमांक जाहीर झाले आणि पत्रकारांनी व स्वयंसेवकांनी काही तासांतच याद्या जुळवायला घेतल्या.

राजस्थानात तर चक्र पूर्ण फिरलं. मस्टर वाचणाऱ्या चळवळीतल्याच लोकांशी बसून सरकारनं १३ सप्टेंबर २०१९ ला जनसूचना पोर्टल सुरू केलं. रेशन, मजुरी, पेन्शनच्या नावानिशी याद्या तिथं अर्ज न करता दिसतात.

या नावांवरच आता प्रश्न उभा आहे. ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदलून कुठलीही वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा दिली. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची वाट शिल्लक आहे, पण तिथं हित सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येईल अशी मला भीती वाटते. मस्टरवरचं मजुराचं नाव ही वैयक्तिक माहिती ठरली, तर कोटकिरान्यात नाव पुकारल्यावर जो माणूस उठला, त्याला उठायला कारणच उरणार नाही.