स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग दर आणि बेरोजगारी दर

स्त्रियांच्या रोजगाराची चर्चा निघाली की हे दोन दर सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचे छेदच वेगळे आहेत. सहभाग दरासाठी सहसा पंधरा वर्षे व त्यापुढील सर्व स्त्रिया धरून त्यांपैकी कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या किती, हे पाहतात. बेरोजगारी दराच्या छेदात मात्र कामावर असलेल्या व काम शोधणाऱ्या एवढ्याच स्त्रिया येतात.

समजा, शंभर स्त्रियांपैकी तीस कामावर आहेत आणि दहा काम शोधत आहेत. म्हणजे सहभाग दर 40 टक्के आणि बेरोजगारी दर 25 टक्के. वणवण करूनही काम न मिळाल्याने त्या दहांपैकी पाच जणींनी नाद सोडला, तर सहभाग दर 35 टक्क्यांवर येतो, बेरोजगारी दर मात्र जवळपास 14 टक्क्यांपर्यंत उतरतो. एकीलाही नोकरी लागलेली नसताना आकडा सुधारतो, आणि हीच सुधारणा अहवालांत कौतुकाने छापली जाते.

मुलांचा सांभाळ, वृद्धांची शुश्रूषा, कामाच्या ठिकाणाचे अंतर, प्रवासातली असुरक्षितता आणि घरच्यांची नाराजी ही कारणे स्त्रीला काम शोधण्याआधीच अडवतात, त्यामुळे त्यांचा परिणाम प्रामुख्याने सहभाग दरात दिसतो. शिक्षणाचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. शिकत असलेली मुलगी सहभाग दर खाली आणते. शिकून झाल्यावर मनाजोगत्या नोकरीसाठी थांबणे घरच्या परिस्थितीमुळे शक्य असेल, तर ती बेरोजगारांत मोजली जाते. हातावर पोट असलेल्या स्त्रीला असे थांबणे परवडत नाही, मिळेल ते काम ती धरते. म्हणूनच गरीब देशांतला कमी बेरोजगारी दर सुबत्तेची खूण मानता येत नाही.

भारताच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात 2017-18 ते 2023-24 या काळात स्त्रियांचा सहभाग दर 23.3 वरून 41.7 टक्क्यांवर गेला आणि त्यांची बेरोजगारी 5.6 वरून 3.2 टक्क्यांवर आली. वाढीचा मोठा वाटा मात्र ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे, आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या मदतनीस स्त्रियाही त्यातच धरल्या जातात. घरची म्हैस सांभाळणाऱ्या बाईचे दूध डेअरीला जात असेल, तर पैसे नवऱ्याच्या खात्यात जमा होत असले तरी ती रोजगारात मोजली जाते.