शेरी सांबा वेगळा आणि शेरी शेरँ वेगळा

काँगोच्या पेंटिंगचा विषय निघाला की शेरी सांबा आणि शेरी शेरँ या दोन चित्रकारांच्या नावांची हमखास गल्लत होते, आणि होणारच म्हणा, शेरँचा जन्म १९५५ चा तर सांबाचा १९५६ चा, दोघांनी नाव काढलं ते राजधानी किन्शासात, आणि १९७८ मध्ये तिथे 'आर पार्तू' नावाचं प्रदर्शन भरलं त्यातून दोघंही एकदमच लोकांसमोर आले. वर दोघांच्याही नावात शेरी, म्हणजे फ्रेंचमध्ये लाडका.

सांबा खेड्यातला, वडील लोहार. १९७२ मध्ये किन्शासाला आला, साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांच्या हाताखाली शिकला आणि १९७५ ला स्वतःचा स्टुडिओ टाकला. सोबत 'बिलेंगे इन्फो' मासिकात कॉमिक्स काढायचा, आणि माझ्या मते त्याची खरी गंमत तिथूनच येते, कारण त्याच्या लक्षात आलं की येणारे जाणारे चित्राकडे एक नजर टाकतात आणि पुढे निघतात, मग त्याने चित्रातच मजकूर लिहायला घेतला, फ्रेंच, किंवा तिथल्या लिंगाला, किकाँगो भाषा, जे हाताशी असेल त्यात. वाचायचं म्हणजे थांबावंच लागतं ना.

शेरँचं उलटं. खरं नाव जोसेफ किन्कोंडा, आणि हा चक्क किन्शासाच्या आर्ट अकॅडमीत शिकलेला, पण नंतर दुकानांच्या भिंती रंगवायला रस्त्यावर उतरला. 'शेरँ' हे त्याने स्वतःच जुळवलेलं फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांचं नाव आहे, अर्थ साधारण 'आगळावेगळा, एक्स्प्रेशनिस्ट, लक्षणीय, अतुलनीय निर्माता', काय आत्मविश्वास आहे बघा! त्याची चित्रं म्हणजे नुसती गर्दी, पुढारी, पाद्री, नटूनथटून निघालेले लोक, सगळे एकाच कॅनव्हासमध्ये कोंबलेले, प्रत्येकाचा चेहरा काहीतरी बोलतोय.

सांबाच्या चित्रात बऱ्याचदा तो स्वतःच असतो. २००३ चं 'झेम ला कुलर', म्हणजे 'मला रंग आवडतो', बघा. दातात ब्रश धरलेला सांबा, आणि डोकं मानेपर्यंत संत्र्याची साल एका पट्टीत सोलावी तसं गोल गोल उलगडलेलं, पट्टीच्या फटींतून मागचं निळं आकाश दिसतं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ तो चेहरा मनातल्या मनात परत जोडत बसलो होतो.

१९८९ ला पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या 'मॅजिसियाँ द ला तेर' प्रदर्शनात सांबा होता आणि तिथून त्याचं नाव जगभर झालं, त्यामुळे आजही बरेच जण शेरँला सांबाची नक्कल समजतात, आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण तो सांबाच्या मागून आलेला नाही, दोघं एकाच वेळी एकाच शहरात उभे राहिले. २०१५ ला पॅरिसच्याच फाँदास्याँ कार्तिएमध्ये 'बोते काँगो' हे प्रदर्शन भरलं त्यात दोघांचीही चित्रं होती, आणि शेरँच्या त्या गर्दीत सांबा कुठेच सापडत नाही.