पैसा नेमका कुठे वाजतो?

म्युझिक सिस्टिम घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटची? नव्वदच्या दशकात याचं उत्तर खोक्यावरच ठसठशीत छापलेलं असायचं. पीएमपीओ, म्हणजे क्षणभर गाठता येईल असा सांगितलेला कमाल आकडा, अमुक हजार वॅट. ते आकडे अजूनही पूर्ण हद्दपार झालेले नाहीत. त्यांची शहानिशा करायला मात्र शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. सोबत आलेल्या अ‍ॅडॉप्टरवर काय छापलंय ते वाचायचं. २४ व्होल्ट, ४ अँपियर? गुणाकार ९६. आत ९६ वॅट येत असतील, तर बाहेर सलग तीन हजार कुठून निघणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमातून खोके छापणाऱ्यांना सूट मिळालेली नाही.

कमी पैशांत चांगला आवाज हवा असेल, तर वॅट सोडून वेगळा प्रश्न विचारायला हवा. रेकॉर्डिंगपासून कानापर्यंतच्या वाटेवर आवाज सर्वात जास्त कुठे बिघडतो? जिथे बिघडतो, तिथेच पैसे घालायचे.

सुरुवातीच्या टप्प्यावर तर नक्कीच बिघडत नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असं गणित होतं. त्यातून २०,००० हर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर आणि सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. छताचा पंखा आणि रस्त्यावरची रहदारी धरली, तर शहरातल्या घरात ४० डेसिबलच्या आसपास आवाज कायमच असतो. त्यावर ९६ मिळवले की १३६ होतात, म्हणजे कान दुखण्याची पातळीही ओलांडली. मोबाइलला लावायची एखादी चांगली यूएसबी-सी डाँगल या आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करण्याचं काम इतकं स्वच्छ करते, की तिचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात झालेला बिघाड, पकडायला प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं.

अ‍ॅम्प्लिफायरची गोष्टही आता अशीच झाली आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही क्लास-डी चिप जेमतेम ११ मिलिमीटर लांबीची आहे. तिच्यावर बेतलेले तयार बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. जुन्या क्लास-एबी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बरीच वीज उष्णतेत जायची. क्लास-डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद, त्यामुळे जवळपास ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचते.

वायरींबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो, कारण इथे भल्याभल्यांचा खिसा कापला जातो. वायरमन घरात भरतो ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर जायला आणि पाच यायला मिळून तिचा रोध ०.०७ ओहम भरतो. स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मग महाग वायरीने आवाज ‘उघडला’ असं लोकांना खरोखर वाटतं, ते कसं? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये केलेला प्रयोग यावर उजेड टाकतो. त्यांनी त्याच लोकांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. डोळ्यांना दिसू लागल्याबरोबर गुण बदलले. आकार, रूप आणि नाव यांनी कानांवर मात केली.

आता स्पीकर. शंकूला चिकटवलेली तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती चुंबक, ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९२५ साली मांडली. शंभर वर्षांनंतरही मूळ रचना तीच आहे. तिची कार्यक्षमता ऐकून धक्का बसतो. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा सर्वसाधारण घरगुती स्पीकर दिलेल्या विजेपैकी साधारण ०.३ टक्केच आवाजात बदलतो. बाकीची सगळी उष्णता. शिवाय खालच्या स्वरांना शंकू जास्त हलावा लागतो आणि तिथे एक-दोन टक्के डिस्टॉर्शन ही नेहमीची बाब आहे. बिघाड इथे आहे. शंभर रुपये असतील तर सत्तर तरी स्पीकरवर घाला, असं मी बेधडक सांगतो.

वॅटचा हिशेबही याच ८७ वरून करता येतो. अडीच मीटरवर बसलात तर अंतरामुळे ८ डेसिबल कमी होतात आणि दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटमध्ये ८२ डेसिबल, शेजाऱ्यांनी बेल वाजवण्याइतके. सुखाने ऐकायची पातळी सरासरी ७० च्या आसपास असते, तिला वॅटचा सोळावा हिस्सा पुरतो. तबल्याची थाप सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उसळली, म्हणजे शंभरपट वीज लागली, तरी ६ वॅट. वीस-तीस वॅटचा खरा अ‍ॅम्प्लिफायर असला की विषय संपला.

मग स्पीकर किती मोठा हवा? उत्तर तुम्ही काय ऐकता यावर आहे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने तानपुऱ्यापासून सुरुवात करावी. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर षड्ज येतो १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर खर्ज १०४ वर. म्हणजे ६५ हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर असला की तानपुरा पूर्ण मिळाला. २० हर्ट्झसाठी दारासारखे वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचे स्पीकर, लावायची गरज नाही.

इथे आणखी एक गंमत आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेच्या तारांवर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतांचा) स्थिर बिंदू असतो, ते उपस्वर उमटू नयेत असा जुना नियम. तानपुऱ्यात ते उमटतात, आणि चांगले जोरात. घोडीचा वक्र पृष्ठभाग आणि त्यावरचा दोरा, म्हणजे आपली जवारी, हे घडवून आणते. परिणामी खर्जाच्या तारेची बरीचशी ताकद ६९ हर्ट्झवर नसून तिच्या वरच्या उपस्वरांत असते. वरचे उपस्वर नीट मिळाले की मेंदू त्यांच्यावरून मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून लहान स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो, मात्र २०० ते ५,००० हर्ट्झचा पट्टा सपाट आणि स्वच्छ हवा. बाजारातले बरेच स्वस्त स्पीकर नेमके इथेच नापास होतात, कारण त्यांचा सगळा जीव बेस ‘दणकवण्यात’ गुंतलेला असतो.

बॉक्स स्वतः बनवायचा असेल, तर थोडं गणित करावं लागतं, पण ते सोपं आहे. पूर्वी बॉक्सचं माप बरंचसं अंदाजाने आणि चुकत-माकत ठरायचं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ड्रायव्हरचं, म्हणजे बॉक्सशिवायच्या नुसत्या स्पीकरचं, वर्तन मोजक्या आकड्यांत बसवलं. चांगल्या ड्रायव्हरच्या कागदावर ते छापलेले असतात. आकडेच न देणारा ड्रायव्हर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

बंद बॉक्ससाठी त्यातले तीन पुरतात. समजा वूफरची अनुनाद वारंवारता ४५ हर्ट्झ आहे, क्यूटीएस, म्हणजे त्या वारंवारतेला शंकू किती झुलत राहतो ते सांगणारा आकडा, ०.५ आहे आणि व्हीएएस, म्हणजे शंकूच्या लवचीकपणाइतकी लवचीक असलेली हवा, २० लिटर आहे. बॉक्समध्ये बसल्यावर क्यू ०.७ व्हावा अशी आपली इच्छा, कारण तिथे बेस ना फुगतो ना लवकर गळतो. ०.७०७ ला ०.५ ने भागलं की १.४१ आलं. त्याचा वर्ग २, त्यातून १ वजा केला की १ उरला. व्हीएएसला त्याने भागायचं. बॉक्स २० लिटरचा. आणि ४५ ला १.४१ ने गुणलं की आवाज उतरायला लागण्याची जागा ६४ हर्ट्झ. खर्जाच्या तारेच्या बरोबर खाली.

सुताराला आतलं माप सांगा: २० बाय २५ बाय ४० सेंटिमीटर. बाहेरचं सांगितलंत तर १८ मिलिमीटरच्या प्लायमुळे सात लिटर गायब होतील. एमडीएफ कापायला छान, पण कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात फुगतं, म्हणून पाण्याला टिकणारा प्लाय बरा. शंकूची कड फोमची नको, रबराची हवी. दमट हवेत फोम काही वर्षांत चुरा होऊन पडतो.

तयार स्पीकरच्या बॉक्सला अनेकदा पुढे किंवा मागे नळी असते. तिने बेस खाली ओढता येतो. आपल्या घरांसाठी मी ती टाळेन, कारण पुढे येतं. क्रॉसओव्हरचं, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटर या छोट्या स्पीकरला वाटून देणाऱ्या सर्किटचं, मात्र नवशिक्याने धाडस करू नये. ट्वीटरला ३,००० हर्ट्झच्या खालचं अडवायला ८ ओहमवर ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, इतकं सूत्रातून निघतं आणि स्वस्त बॉक्समध्ये तेवढाच एक कपॅसिटर सापडतो. पण खऱ्या ट्वीटरचा रोध प्रत्येक वारंवारतेला बदलतो, त्यामुळे सूत्र फसतं. कुणीतरी मोजून सिद्ध केलेला आराखडा जसाच्या तसा उचलावा, किंवा तीन-चार इंची एकच फुल-रेंज ड्रायव्हर लावून ही भानगडच टाळावी.

आता खोली, जिचा हिशेब कुणी करत नाही. वॉलेस सबीन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने १८९५ मध्ये एका व्याख्यान-दालनातला घुमणारा आवाज मोजायला घेतला आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून आणून घुमणं किती कमी होतं ते नोंदवलं. त्याच्या सूत्रात आपली दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची रिकामी खोली घातली, तर प्लास्टर आणि फरशीमुळे आवाज विरायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. संगीतासाठी अर्धा सेकंद पुरे. गादी, गोधड्या, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट, सगळं कामाचं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणं मात्र थांबवा. तो पातळ पुठ्ठा आहे, फार काही शोषत नाही.

बेसला पडदेही पुरत नाहीत. दहा फुटांत मावणारी सर्वात लांब उभी लहर, म्हणजे दोन भिंतींमध्ये जागच्या जागी घुमत राहणारी लहर, ५६ हर्ट्झची. खोली घनाकृती असेल तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींची लहर त्याच ५६ वर येऊन बसते आणि तेवढाच एक स्वर घुमतो. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या, जिप्समच्या पातळ भिंतींतून बराच बेस बाहेर निसटतो. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात. म्हणूनच तिकडचे सल्ले इकडे डोळे झाकून लावू नयेत, आणि म्हणूनच नळी नको: खोली आधीच जे फुगवते, ते बॉक्सने आणखी फुगवायचं कशाला? बंद बॉक्सचा बेस ६४ च्या खाली हळूहळू उतरतो आणि भिंती तो बऱ्यापैकी उचलून धरतात.

उरलेला फुगवटा मोजून कापता येतो. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त मोजणीचा मायक्रोफोन लागतो. मित्राकडून उसना मिळाला तरी चालेल. आलेखात ५६ च्या आसपास उंचवटा दिसला, की इक्वलायझरने तेवढाच खाली आणायचा. खड्डा दिसला तर तिथे आवाज वाढवून उपयोग नाही. लहरी एकमेकींना खोडतात त्या जागी कितीही वीज ओतली तरी खोडणंही तेवढंच वाढतं. खोलीच्या बरोबर मध्यावर असा खड्डा हमखास असतो आणि भिंतीला टेकून बसलं की उंचवटा. खुर्ची मध्यापासून दीड-दोन फूट मागे घ्या आणि परत मोजा.