आट्यांमधली केसभर वाट

नेरूळ-वाशीतल्या जुन्या सोसायट्यांच्या गच्चीवर जीआय पाइपचे जोड नीट बघा. आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा सफेदा लावलेला धागा दिसेल. आटे कितीही आवळले तरी त्यांच्या शेंड्याशी आणि बुडाशी केसभर फट राहतेच, आणि ती आट्यांबरोबर गोल फिरत थेट बाहेर पोचते. पाणी तीच वाट धरतं. प्लंबर ती बुजवतो.

मुंबई हायच्या तेलविहिरींना, म्हणजे न्हावाच्या तळावरून जहाजांनी सामान जातं तिथेही, हाच प्रश्न आहे. खोदलेलं भोक ढासळू नये, वेगवेगळ्या थरांतलं पाणी, तेल आणि गॅस एकमेकांत मिसळू नये म्हणून विहिरीत पोलादी नळ उतरवतात. त्यांना केसिंग म्हणतात. आधी 20 इंची, त्याच्या आत 13⅜, मग 9⅝, मग 7. बाहेरच्या पोकळीत सिमेंट. एकेक पाइप साधारण 12 मीटरचा, म्हणजे 2,000 मीटर खोलीसाठी दीडशेहून जास्त जोड.

गंमत म्हणजे केसिंगच्या पारंपरिक गोल आट्यांचा (ज्यांचे शेंडे आणि बुडं गोलसर असतात) उतार प्लंबरच्या आट्यांइतकाच असतो, व्यासात 16 ला 1, म्हणजे 16 इंच लांबीत व्यास 1 इंचाने घटतो. फट बुजवायला इथे ग्रीस, त्यात शिसं, जस्त, तांबं आणि ग्रॅफाइटची पूड. ग्रीस आटे झिजू नयेत म्हणून लावतात हे खरंच, पण त्यातल्या पुडीचं मोठं काम फट भरण्याचं.

आता वजन बघा. फुटाला 47 पौंडांचा 9⅝ इंची पाइप मीटरला 70 किलो भरतो. 2,000 मीटरचे झाले 140 टन. खोदताना विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवामुळे थोडं हलकं होतं, तरी लटकणारा सगळा भार सर्वांत वरच्या जोडावर. गोल आट्यांच्या बाजू तिरक्या असतात. ओढ वाढली की आतला पाइप आकसतो, दोन पाइप जोडणारं बाहेरचं कपलिंग फाकतं आणि आटे न तुटताच पाइप निसटतो. यावर उपाय बट्रेस आटे: इंचाला 8 ऐवजी 5, आणि भार घेणारी बाजू जवळजवळ काटकोनात, फक्त 3 अंश तिरकी. ओढ झकास पेलतात. फट मात्र यांतही राहतेच, त्यामुळे गॅस त्यांच्या भरवशावर सोडू नये.

म्हणून प्रीमियम, म्हणजे खास बनावटीच्या, जोडांत कामं वाटून दिली. आटे फक्त भार पेलतात. गळती रोखायला पाइपच्या टोकाशी गुळगुळीत पट्टा असतो, तो कपलिंगच्या आतल्या पट्ट्यावर दाबून बसतो, धातूवर धातू. पुढे अडायला खांदा. माझ्या मते या सगळ्या धंद्यातली सर्वांत हुशार कल्पना हीच. जोड आवळताना स्क्रीनवर आवळण्याच्या जोराची रेघ हळूहळू चढते, पट्टे भिडले की जरा वळते आणि खांदा टेकताच सरळ वर उठते. तो कोपरा दिसला नाही तर जोड परत उघडून तपासतात.

त्या पट्ट्यावर एक खोल ओरखडा पडला तरी भागत नाही. यार्डात पाइपच्या दोन्ही टोकांना टोप्या घातलेल्या असतात, त्या त्यासाठीही.